आभाराचे पान

मंडळीच्या स्मरणिकेतले सगळ्यांत अवघड पान आभाराचे. इतिहास, पाळकांचे मनोगत, शब्बाथ शाळेतल्या मुलांच्या कविता, जाहिराती हे सगळे टाइप करून नीट वाचले की हातावेगळे होते. आभाराच्या पानासाठी मात्र छपाईला जाईपर्यंत फोन येत राहतात. कुणाचे नाव कुणाच्या आधी, कुणाला ‘आदरणीय’ आणि कुणाला नुसते ‘श्री.’, देणगीदारांत रक्कम बघायची की वय, माजी सेक्रेटरी आधी की विद्यमान खजिनदार. फोन करणारी माणसे वाईट नसतात. मी त्यांना प्रार्थना करताना ऐकले आहे, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढताना पाहिले आहे. तरी त्या एका पानापाशी सगळ्यांचा पाय अडतो. या पानाने मला ख्रिस्ती नम्रतेबद्दल जे शिकवले, ते कितीतरी उपदेशांनी शिकवले नाही.

जुळे सोलापुरात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, उपासनेचा क्रम, नाताळचे कार्यक्रम, गायनाच्या पुस्तिका, स्मृतिसभेची पत्रके, कधी एखाद्या निवृत्त शिक्षकाचे आत्मचरित्र. विजापूर रस्त्याच्या बाजूने वस्ती वाढत गेली, तशी जुन्या गावातली ख्रिस्ती कुटुंबेही इकडे राहायला आली. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची घरे आहेत, वोरोनोको शाळेत शिकलेल्या आज्यांची नातवंडे आहेत, तेलुगू आणि कानडी बोलणारी कुटुंबे आहेत. कुणी रविवारी रिक्षा करून जुन्या मंडळीला जातात, कुणाची उपासना इथेच भाड्याच्या हॉलमध्ये भरते. सोलापूर मुळातच तीन भाषांचे गाव. एकाच पत्रिकेत तिन्ही लिप्या बसवायचे काम माझ्याकडे नेहमी येते, आणि मला ते फार आवडते.

हे काम शिकले मात्र छपाईच्या खिळ्यांवर, जुन्या गावातल्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून उभी राहून. देवनागरीची केस म्हणजे खणांचे जंगल. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेलांट्या, रफार, प्रत्येकाचा खण वेगळा. अक्षर उलटे, ओळ उलटी, आणि ती उलटी ओळ सरळ वाचायची डोळ्यांना सवय लावायची. छपाई झाली की खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात परत. दिवसभर जुळवलेले पान संध्याकाळी मोडून टाकायचे. आमचे फोरमनकाका म्हणायचे, “वाचणाऱ्याला तू दिसलीस म्हणजे काम बिघडलं.” कंपोझिटर आणि प्रूफ वाचणारा दिसतो तो फक्त चुकीतून. बिनचूक पानात तो कुठेच नसतो.

बरीच वर्षे मला वाटत होते की नम्रता म्हणजे हेच. दिसायचे नाही, नाव घालायचे नाही, मागच्या बाकावर बसायचे. आता तसे वाटत नाही.

तसे वाटेनासे होण्याची सुरुवात एका स्मरणिकेपासून झाली. त्यात एका गृहस्थांची देणगी सगळ्यांत मोठी होती. ते स्वतः माझ्याकडे आले आणि म्हणाले, “ताई, माझं नाव काढून टाका. देवाला ठाऊक आहे, तेवढं पुरे.” मला भरून आले. मी नाव काढले. पुढच्या महिन्याभरात जो भेटेल तो मला सांगू लागला की त्यांनी नाव काढायला लावले, केवढा मोठेपणा! ही बातमी पसरली कुठून, हे विचारायची गरज नव्हती. त्या पानावर छापलेल्या सगळ्या नावांपेक्षा न छापलेल्या त्या नावाची चर्चा जास्त झाली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा हेतू खरा असावा, आणि खऱ्या हेतूच्या पाठोपाठ मन गुपचूप आपला वाटा मागायला येतेच. पण त्या दिवसापासून मी ‘नाव नको’ या वाक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणे सोडले. नाव पुढे करणारा जसा स्वतःकडे बघत असतो, तसा नाव मागे घेणाराही स्वतःकडेच बघत असू शकतो.

मग बघायचे कुठे?

याचे उत्तर मला कालेबपाशी सापडले, तेही कामातच. एका मंडळीच्या बायबल अभ्यासाची पुस्तिका प्रूफ वाचायला आली होती. गणना आणि यहोशवा या पुस्तकांतली कालेबची कथा लहानपणापासून ऐकलेली. बारा हेर कनान देश बघायला जातात, दहा जण घाबरून परत येतात, यहोशवा आणि कालेब हे दोघेच देवाच्या शब्दावर उभे राहतात. पण प्रूफ वाचताना माणूस गोष्ट वाचत नाही, अक्षर न् अक्षर वाचतो, म्हणून नेहमी निसटणाऱ्या गोष्टी दिसतात. कालेब परमेश्वराला पूर्णपणे अनुसरला, हे यहोशवाच्या चौदाव्या अध्यायात पुन्हा पुन्हा येते. आणि तोच कालेब पंचेचाळीस वर्षे दुसऱ्या क्रमांकावर आहे. मोशेनंतर पुढारी झाला तो यहोशवा. कालेबने त्याबद्दल कुरकुर केल्याचे कुठेही नाही.

माझ्या मनात घर करून राहिले ते पुढचे. पंच्याऐंशी वर्षांचा कालेब यहोशवापुढे उभा राहतो आणि चक्क मागतो. मला कबूल केलेली जमीन द्या, म्हणतो. लाजत नाही, आढेवेढे घेत नाही, ‘मी कोण पामर’ असे म्हणत नाही. आपण चाळीस वर्षांचे असताना काय केले तेही सांगतो. आणि मागतो काय, तर हेब्रोनचा डोंगराळ मुलूख, जिथे धिप्पाड अनाकी लोक तटबंदीच्या शहरांत बसले आहेत. नदीकाठचे सपाट रान मागितले असते तर म्हाताऱ्याला कुणी नाही म्हटले नसते. त्याने स्वतःच्या नावाने मागितले ते सगळ्यांत कष्टाचे काम. पूर्ण मनाने देवामागे चालणारा माणूस असा असतो, हे मला त्या प्रुफावर पेन्सिल टेकवून बसले असताना कळले. त्याचे लक्ष इतके दुसरीकडे लागलेले असते की स्वतःचे नाव घ्यायची त्याला भीती नसते आणि हावही नसते.

यानंतर पंडिता रमाबाई मला वेगळ्या दिसू लागल्या. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की थोड्याच वेळात त्यांचे केडगाव लागते. आमच्यातली जुनी माणसे ते स्टेशन आले की बोलता बोलता थांबतात. पण रमाबाईंविषयी आमच्या व्यासपीठांवर जे बोलले जाते ते बहुतेक वेळा गुळगुळीत असते. साधी पांढरी साडी, शाकाहार, अनाथांची आई, सेवा, त्याग. हे सगळे खरे आहे. तरी त्या वर्णनातून त्यांचा कणा गळून पडतो.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नव्याने ख्रिस्ती झालेली, परक्या देशात, परक्यांच्या घरी राहणारी, पदरी लहान मुलगी असलेली विधवा. तिने मान खाली घालून ऐकावे अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी ते निमूट मान्य केले नाही. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने आला आहे. श्रद्धेच्या बाबतीत आपल्या विवेकाच्या वर त्या कुणा माणसाला बसवायला तयार नाहीत, हे त्यात पानोपानी दिसते. भगिनींना हा अहंकार वाटला. मला तो अहंकार वाटत नाही. ज्याने आपली सगळी निष्ठा देवाला देऊन टाकली, त्याच्याकडे बिशपांना द्यायला वेगळी निष्ठा उरत नाही. उरतो तो आदर, आणि तो रमाबाईंच्या पत्रांत आहे.

आमच्या मंडळ्यांत हा घोटाळा फार जुना आहे. कमिटीतल्या मोठ्या माणसापुढे गप्प बसण्याला आम्ही नम्रता म्हणतो, आणि हिशेब विचारणाऱ्याला गर्विष्ठ ठरवतो. रमाबाईंचे उदाहरण देताना तरी हे करू नये असे मला मनापासून वाटते.

हीच बाई आयुष्याच्या उत्तरार्धात काय करत बसली, ते मी माझ्या धंद्यातली बाई म्हणून बघते. मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन, मग पुणे, मग दुष्काळातल्या मुली-बायका गोळा करून केडगावचे मुक्ती मिशन. तिथे शेती, विणकाम, शिवण, तसाच छापखाना. खिळे जुळवणाऱ्या बायका, यंत्र चालवणाऱ्या बायका, पुस्तक बांधणाऱ्या बायका. ज्यांना काल अक्षर येत नव्हते त्या उलटी ओळ सरळ वाचत होत्या. आणि रमाबाई इब्री आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बाईला कुणाला न विचारता समजेल अशा मराठीत. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते, भागवताचे हजारो श्लोक ज्यांना पाठ होते, त्यांनी पांडित्य दाखवण्याची सगळ्यांत मोठी संधी हातची सोडून दिली. १९१९ साली सरकारने ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिले. त्यांनी पदक घेतले आणि काम पुढे चालू ठेवले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. जिच्या हाती सगळे सोपवायचे, तीच आधी गेली. रमाबाई प्रूफ तपासतच होत्या. बायबलची शेवटची प्रुफे तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. छापलेले पूर्ण बायबल त्यांनी पाहिले नाही.

प्रूफ वाचणे म्हणजे काय, हे मला माहीत आहे. डोळे चुरचुरतात, मान धरते, आणि त्याहून वाईट म्हणजे मन पळते. आपलाच मजकूर पुन्हा वाचताना तर डोळा चूक ओलांडून पुढे जातो, कारण तिथे काय असायला हवे ते त्याला पाठ असते. मुलगी गेल्यानंतर, कान मंदावलेले असताना, शरीर थकलेले असताना ज्या बाईने ते केले, तिच्यासमोर मला बाकी सगळी विशेषणे लहान वाटतात.

विशेषणांवरून स्मृतिसभेची पत्रके आठवली. आमच्याकडे माणूस गेला की तो ‘नम्र, प्रार्थनाशील आणि देवभीरू’ होतो. घरचे लोक दुःखात असतात, म्हणतात, “ताई, ते नेहमीचं घाला.” मी घालते. पण अलीकडे एक प्रश्न विचारते : ते रोज काय करायचे? सुरुवातीला कुणाला काही सुचत नाही. मग एकेक निघते. एकजण दर शनिवारी शब्बाथ शाळेच्या सगळ्या पेन्सिलींना टोक करून ठेवायचे. एक आजी सिव्हिलमध्ये आया होत्या. निवृत्तीनंतरही ज्यांचे कुणी नाही अशा बाळंतिणींसाठी डबा घेऊन जायच्या आणि जातीचे नाव कधी विचारायच्या नाहीत. एकजण बँकेत होते, साहेबाच्या दबावाखाली एका कागदावर सही करायची नाकारली, बदली पत्करली आणि घरी त्याची गोष्ट कधी सांगितली नाही. बायकोला ते कळले दुसऱ्याकडून. हे मी पत्रकात घालते, आणि मग ‘नम्र’ हा शब्द घातला नाही तरी कुणी विचारत नाही.

आता आमच्या मंडळीतल्या एका मावशींबद्दल लिहायला हवे. त्यांचे नाव इथे घालत नाही, कारण त्यांना विचारलेले नाही.

आमच्या उपासनेत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. त्याचे काचेचे छोटे पेले शनिवारी मावशी घरी नेतात. पूर्वी त्या विड्या वळायच्या. बोटे अजून सवयीने हलत असतात. एका शनिवारी पत्रिकेचे प्रूफ दाखवायला मी त्यांच्याकडे गेले होते. जुळे सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवसांचा खाडा असतोच, आणि उन्हाळ्यात तर बादलीबादलीचा हिशेब. मावशींनी पाणी आले त्या दिवशीच एक स्टीलची कळशी वेगळी भरून, फडके बांधून देव्हाऱ्यासारखी कोपऱ्यात ठेवली होती. ते पाणी पेल्यांचे. घरात पाहुणे होते, तरी त्याला कुणी हात लावला नव्हता.

पाणी गरम करून त्या एकेक पेला आत बोट घालून धुवायच्या, दुसऱ्या पाण्यातून काढायच्या, धुतलेल्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्याने पुसायच्या आणि दाराकडच्या उजेडात धरून बघायच्या. डाग दिसला की परत पाण्यात. काळ्या मनुका उकळून केलेला रस गाळून बाटलीत भरलेला होता. मी म्हटले, “मावशी, एवढं कोण बघणार आहे?” त्या पेला उजेडात धरूनच म्हणाल्या, “मी बघतोय की. प्रभूच्या मेजावर जायचंय त्ये.” त्यांच्या बोलण्यात तेलुगू वळण आहे, ‘बघतोय’ काय आणि ‘बघते’ काय. आवाजात शिकवण देण्याचा सूर नव्हता. मी काहीतरी खुळ्यासारखे विचारले आहे, एवढेच त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

तेव्हा मला फोरमनकाकांचे वाक्य आठवले, आणि त्यातले अपुरेपणही समजले. दिसू नये म्हणून काम चोख करणे ही कारागिराची शिस्त आहे, आणि मोलाची आहे. पण मावशींना दिसण्याची किंवा न दिसण्याची फिकीरच नव्हती. त्या पेल्यावरून त्यांची नजर जराही बाजूला जात नव्हती. अर्धे मन कामात आणि अर्धे मन ‘कोण बघतंय’ यात, अशी त्यांची वाटणी झालेली नाही. देवावर पूर्ण मनाने प्रीती करावी असे आपण लहानपणी पाठ करतो. ते पूर्ण मन कसे दिसते हे मी त्या स्वयंपाकघरात पाहिले.

यंदाच्या स्मरणिकेत मावशींचा सत्कार छापायचे कमिटीने ठरवले. मला धास्ती होती की त्या नाही म्हणतील, किंवा कुणीतरी त्यांना नाही म्हणायला शिकवील. मी फोटो मागायला गेले. मावशींनी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणला. ठेवणीतली इरकल, केसांना तेल, मान ताठ. पान तयार झाल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या, संगणकावर आपला फोटो बघितला आणि खुशीने हसल्या. “चांगला आलाय की ओ. नातीला दावतो.” मला फार बरे वाटले. देवाने आणि माणसांनी दिलेला आनंद त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. त्यात काही लपवाछपवी नव्हती, आणि पुढच्या शनिवारी त्या पेले न्यायला नेहमीच्या वेळी आल्या.

त्या वेळी त्या माझ्याकडेही डोकावल्या. मंडळी वाढली आहे, मागच्या वेळी शेवटच्या दोन बाकांना पेले कमी पडले, एका ताटलीतले धुऊन परत भरावे लागले. कमिटीला अर्ज द्यायचा होता, तीन डझन नवे पेले आणि एक ताटली. मी म्हटले, “मावशी, तेवढे जास्त पेले तुम्हालाच धुवावे लागतील. पाण्याचं काय?” त्या म्हणाल्या, “दुसरी कळशी हाय घरात.” मी अर्ज टाइप केला, वाचून दाखवला. खाली सहीच्या जागी ‘महिला मंडळाच्या वतीने’ असे मी नेहमीच्या सवयीने घातले होते. मावशींनी ते खोडायला लावले.

“माझंच नाव घाला की तिथं. पेले मी मागतोय न्हवं? आणि अक्षर मोठं करा, सेक्रेटरींना बारीक दिसत नाही.”